पंधरा टक्के पाणी

साखर कारखान्यात पाहुणा आला की त्याची फिरती ठरलेली असते. आधी गव्हाण, मग मिल, मग बॉयलरचा लांबूनच नमस्कार, मग तळहातावर मूठभर गरम साखर, चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये चहा आणि निघताना शाल-श्रीफळ. डिस्टिलरी दाखवायची की नाही, हे पाहुणा कोण आहे त्यावर ठरतं. पण कारखान्याच्या पार पिछाडीला, बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, डोंगरापलीकडे, कित्येक एकरांवर एक काळं साम्राज्य पसरलेलं असतं. तिकडे पाहुण्याला कुणी नेत नाही. तो आपण होऊन वळलाच तर सोबतचा अधिकारी त्याचा दंड धरतो आणि म्हणतो, "तिकडं काही नाही साहेब, खत आहे."

हे "काही नाही" नेमकं किती असतं? गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के प्रेसमड, म्हणजे रस स्वच्छ करताना उरणारा गाळ, निघतो. दिवसाला 5000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात रोज दीडशे ते दोनशे टन. हंगाम पाच महिने चालला तर वीस ते तीस हजार टन. शेजारी डिस्टिलरी असेल तर तिचा स्पेंटवॉश वेगळा. एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश मागे उरतो. रंग काढ्याचा आणि वास असा, की पाहुण्याला त्या बाजूला का नेत नाहीत ते विचारावं लागत नाही. हा प्रेसमड लांबलचक रांगांत रचायचा, त्यावर स्पेंटवॉश फवारायचा, वरचेवर यंत्राने उलथापालथ करायची आणि दीड-दोन महिन्यांनी त्याचं खत करून सभासदांच्या शेतात धाडायचं, असा हा कारभार. रांगेला यार्डावर विंडरो म्हणतात. उंची दीड मीटरच्या आसपास, रुंदी तीन-साडेतीन मीटर, आणि लांबी जागा संपेपर्यंत.

उलथापालथीच्या यंत्राला एरोटिलर म्हणतात. दोन पायांवर उभं राहून ते रांग पोटाखाली घेतं. पोटात पात्यांचा आडवा ड्रम फिरत असतो. तो समोरचा माल उचलून, फोडून, हवेत भिरकावून मागे पुन्हा रचत जातो. म्हणजे रांग होती तिथेच असते, फक्त तिच्या आतलं बाहेर आणि बाहेरचं आत झालेलं असतं. एवढ्या खटाटोपातून जागचं काहीच हललं नाही असं नवख्याला वाटतं. सहकारात मुरलेल्या माणसाला मात्र त्यात वावगं काही दिसत नाही.

आता या उलथापालथीत प्रश्न एकच, आणि तो ओलाव्याचा. खत करणारे जीवजंतू पाण्याशिवाय काम करत नाहीत आणि पाण्यात बुडवले तरी करत नाहीत. ओलावा पन्नास ते साठ टक्के असला की ते खूश. चाळिसाच्या खाली गेला की ते संपावर जातात आणि ड्रम फिरला रे फिरला की धूळ उठते. पासष्टच्या वर गेला की हवेच्या वाटा बुजतात, हवेवाचून जगणारी दुसरीच टोळी ताबा घेते आणि तालुक्याच्या गावापर्यंत वास जातो. एका बाजूला धूळ, दुसऱ्या बाजूला घाण आणि मधे जेमतेम पंचवीस टक्क्यांची गल्ली. त्या गल्लीतून वीस-तीस हजार टनांची वरात न्यायची.

त्यात प्रेसमडचा स्वभाव टोकाचा. कारखान्यातून येतो तेव्हा त्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असतं. तेव्हा यंत्र फिरवायचं ते सुकवण्यासाठी. पुढे रांग आतून तापते, साठ-पासष्ट अंशांवर जाते, आणि प्रत्येक फेरीला ढगच्या ढग वाफ सोडते. मग तेच यंत्र फिरवायचं, पण आता पाणी घालत घालत. सुकवण्याचे दिवस संपून भिजवण्याचे दिवस कधी सुरू झाले, हे ज्याला कळलं त्याला खत कळलं. बाकीच्यांना पगार मिळतो.

वाफ, धूळ आणि धूर या तीन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. डिसेंबरात पहाटे यार्डावर जे पांढरं उठतं ती वाफ. तिला काही करायचं नसतं. एप्रिलात दुपारी जे तपकिरी उठतं ती धूळ. तिला पाणी लागतं. आणि यंत्र लांब उभं असताना ढिगाच्या एकाच भोकातून निळसर काही निघत असेल तर तो धूर, आणि मग पळावं लागतं. कारण प्रमाणाबाहेर उंच रचलेला अर्धवट कोरडा ढीग आतल्या आत तापत जाऊन आपण होऊन पेटू शकतो. पुरता ओला पेटत नाही आणि पुरता कोरडा तापतच नाही. धोका असतो तो मधल्या, धड ना ओला धड ना कोरडा अशा ढिगात. अशा धुमसत्या ढिगात एरोटिलर घातला तर आगीला हवा मिळते आणि यंत्रही तिच्या तावडीत सापडतं. पण कॉलनीतून येणाऱ्या फोनवर हा भेद नसतो. बारमाही एकच तक्रार असते, "अहो, तुमचं खत जळतंय!"

कॉलनीचं बरोबरच आहे म्हणा. गाळप संपतं मार्च-एप्रिलात, आणि पावसाळ्याआधी यार्ड रिकामं करायचं असतं, कारण भर पावसात उघड्यावर हा उद्योग करता येत नाही. सगळा काळा रस ओढ्याला लागेल. म्हणजे कोरड्या मालाची उलथापालथ नेमकी एप्रिल-मेमध्ये जोरात येते. आणि एप्रिल-मेमध्ये कॉलनीच्या गच्चीवर काय असतं? वाळवण! कुरडया, सांडगे, उपासाच्या बटाट्याच्या चकत्या, साबुदाण्याच्या पापड्या. यार्डाला कोरडं ऊन हवं आणि पापडीलाही कोरडं ऊन हवं. दोघांचा मुहूर्त एकच आणि वारा दोघांचा सामायिक. शेतकी विभागातल्या एका साहेबांच्या सौभाग्यवतींनी एका वर्षी आपल्या कुरडया तळून थेट खतप्रमुखांच्या टेबलावर ठेवल्या. "भावजी, घ्या. यंदा मसाला तुमच्याकडचाच आहे," एवढंच बोलून त्या गेल्या. भावजींनी त्या खाल्ल्या असं म्हणतात. काय बिशाद न खाण्याची!

झालं, धुळीचा विषय मीटिंगला आला. अशा मीटिंगा पाहण्यासारख्या असतात. खताबद्दल मत नाही असा माणूस महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जन्मायचा आहे. प्रत्येकाच्या घरी उकिरडा होता आणि प्रत्येकाचे आजोबा त्यातले तज्ज्ञ होते. एक संचालक म्हणाले, आमच्याकडं कधी यंत्र नव्हतं अन् धूळपण नव्हती. दुसरे म्हणाले, झाडं लावा. तिसऱ्यांनी यंत्राची कंपनीच बदलायला सुचवलं. त्यांचे साडू दुसऱ्या कंपनीचे वितरक होते. चेअरमनसाहेबांनी शेवटी खतप्रमुखांना विचारलं, "ओलावा किती आहे?"

"चाळीस टक्के, साहेब."

"किती पाहिजे?"

"पंचावन्न."

"म्हणजे पंधराच टक्के कमी. मग एवढं काय त्यात? पाठवा एक टँकर."

खतप्रमुखांनी खिशातून कागद काढला. चाळीस टक्के ओलाव्याच्या 100 टन मालात 60 टन कोरडा माल आणि 40 टन पाणी असतं. पंचावन्न टक्के करायचं तर त्या 60 टनांना 73 टन पाणी हवं. म्हणजे आणखी 33 टन. 33 हजार लिटर. दहा हजारांचे तीन टँकर पुरत नाहीत, चौथ्यातूनही घ्यावं लागतं. एका टँकरने ओलावा जेमतेम पंचेचाळीसवर येतो. आणि ही गोष्ट फक्त 100 टनांची. यार्डावर माल हजारो टन. मीटिंगमध्ये शांतता पसरली. "टक्केवारी आम्हाला शिकवू नका," असं एक ज्येष्ठ संचालक तेवढं म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. पण त्यांची टक्केवारी वेगळ्या खात्यातली होती. ठराव झाला तो असा: दररोज सकाळी यार्डावर पाणी मारावे.

मारलं. आणि इथे खरी मौज सुरू झाली. कोरड्या पडलेल्या खताला पाण्याचं वावडं असतं. वरून पाइप सोडला की पाणी आत शिरत नाही. उतारावरून घरंगळून पायथ्याशी येतं. रांग वरून काळीभोर दिसते, साहेबांचा फोटो छान येतो, आणि हात घातला की चार बोटांवर कोरडा ठणठणीत माल. पायथ्याशी मात्र चिखल. त्या चिखलातून ट्रॅक्टर जातात, तो टायरला लागून सगळ्या वाटांवर पसरतो, दुपारपर्यंत वाळतो, आणि पुढचा ट्रॅक्टर त्याचं पीठ करून हवेत सोडतो. यार्डावरच्या धुळीतली बरीचशी रांगांमधून उठतच नाही. ती या वाटांवरून उठते. म्हणजे धूळ मारायला ओतलेल्या पाण्याने आधी चिखल केला आणि चिखलाने दुसऱ्या दिवशीच्या धुळीची सोय केली. ठरावाची अंमलबजावणी मात्र शंभर टक्के.

यंत्रावरचे ऑपरेटर मामा हे सगळं वरून बघत होते. त्यांना मीटिंगला बोलावलेलं नव्हतं. "सायेब," ते म्हणाले, "वरनं भिजलंय, आत ठाक कोरडं हाय. पानी घालायचं तर ड्रम फिरताना घाला. माल हवेत आसतो तवाच त्याला पानी लागतंय."

सगळं शास्त्र यातल्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ड्रम माल फोडून हवेत उडवतो त्या क्षणी प्रत्येक कण उघडा असतो. त्याच वेळी फवारा मिळाला तर पाणी कणाकणाला लागतं, धूळ जागीच बसते आणि ओलावा रांगभर सारखा होतो. म्हणून शहाणे लोक यंत्रावरच ड्रमजवळ फवाऱ्याची नळी बसवतात, आणि टँकर शेजारच्या वाटेने यंत्राच्या चालीने चालवतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात एरोटिलर गोगलगायीच्या गतीने जातो आणि टँकरवाला कंत्राटी. त्याला खेपेवर पैसे. तो पुढे निघून जातो, नळी ताणली जाते, सुटते, आणि पाणी घरंगळायला पुन्हा वाटेवरच येतं. स्पेंटवॉश फवारायचा तर त्यातल्या गाळाने नोझल तुंबतात. तुंबलेलं नोझल साफ करण्यापेक्षा काढून टाकणं सोपं, म्हणून ते काढलं जातं, आणि फवाऱ्याच्या जागी धार लागते. यंत्राच्या मागे उडणारा माल अडवायला कंपनीने दिलेला रबरी पडदा असतो. तो अडकतो म्हणून तोही काढलेला असतो; मामांच्या घरी तो म्हशीच्या गोठ्यात अंथरलेला आहे, आणि म्हैस समाधानी आहे.

केबिनचंही तेच. चांगल्या यंत्राला बंद काचेची केबिन असते, आत गाळलेली गार हवा. हा थाट नव्हे, गरज आहे. तापलेल्या खतात अॅस्परजिलस फ्युमिगॅटस नावाची बुरशी सुखाने नांदते आणि धुळीबरोबर तिचे बीजाणू उडतात. दमेकऱ्याला ते त्रास देतात, प्रतिकारशक्ती खालावलेल्याला तर धोक्याचेच. इतके बारीक असतात की तोंडाला गुंडाळलेल्या उपरण्याला ते जुमानत नाहीत. त्यांना एन-95 मास्कच लागतो. पण मामांना तंबाखूची पिंक टाकायला दार उघडं लागतं. दार उघडं म्हणून एसी चालत नाही, एसी चालत नाही म्हणून उकडतं, आणि उकडतं म्हणून दार उघडं. मास्क कुठे आहे विचारलं तर तो स्टोअरला जमा आहे. तपासणीच्या दिवशी मिळतो.

मग वेळ कोणती निवडायची? दुपारी यंत्र फिरवलं तर वारा धूळ घेऊन जातो. पहाटे फिरवलं तर धूळ कमी, पण थंड हवा जमिनीलगत दडून बसलेली असते, त्यामुळे वास कुठेच जात नाही. कॉलनीच्या खिडकीत ठाण मांडून बसतो. म्हणजे कॉलनीने ठरवायचं, नाकाने सोसायचं की कुरडयांनी. मधली वाट अशी, की ऊन थोडं चढलं आणि हवा हलायला लागली की सुरुवात करायची, वारा वस्तीकडे वाहत असेल तर थांबायचं. त्यासाठी वाऱ्याची दिशा कळायला हवी. कारखान्यात वाऱ्याचा कापडी मोजा एकच होता. तो मंत्रिमहोदयांच्या हेलिकॉप्टरसाठी आणलेला आणि गेस्ट हाउसच्या कपाटात कुलूपबंद. तो खतासाठी मागावा असा अर्ज खतप्रमुखांनी केला. अर्ज अजून फिरतोय; त्यावरून वारा कुठल्या दिशेचा आहे ते चांगलं कळतं.

ओलावा मोजण्याची अधिकृत रीतही बघण्यासारखी. नमुना घ्यायचा, तोलायचा, 105 अंशांच्या भट्टीत रात्रभर सुकवायचा, पुन्हा तोलायचा. उत्तर उद्या मिळतं, आणि उद्यापर्यंत रांगेने आपलं मत बदललेलं असतं. म्हणून नोंदवहीत एक सोय असते: 55. सोमवारी 55, मंगळवारी 55, अवकाळीने यार्डाचं तळं केलं त्या दिवशीही 55. पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने वही चाळून विचारलं, "इतकं अचूक कसं काय राखता?" खतप्रमुख नम्रपणे म्हणाले, "अनुभव आहे, साहेब."

खरी रीत मात्र मामांची. रांगेत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला माल मुठीत घ्यायचा आणि आवळायचा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब डोकावला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ठीक. धार लागली तर पाणी बंद, यंत्र चालू. गोळा झालाच नाही, भुगा झाला, तर आधी पाणी, मग यंत्र. आणि हात भाजला तर समजायचं रांग जिवंत आहे. या प्रयोगशाळेला वीज लागत नाही, उत्तर लगेच मिळतं, फक्त साहेबांचा हात काळा होतो. नोंदवहीला 55 का लागतं, त्याचं हे कारण.

आजोबांच्या उकिरड्याचे दाखले देणाऱ्यांनी आपल्याच भागाचा इतिहास जरा बघावा. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला सेंद्रिय कचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि 1931मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. ढीग रचायचा, पाणी मोजून द्यायचं, तीन महिन्यांत तीनदा उलथायचा. सगळं हाताने, म्हणजे पाणी शिंपडणारा आणि उलथणारा एकाच ढिगाशी उभा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांड्यांनी तर उलथापालथीचीच कटकट मिटवली. त्यांची नाडेप टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींना भोकं, त्यांतून हवा आपोआप जाते, वरून शेणमातीचा लेप, त्यामुळे ओलावा टिकतो. उलथायचं नाही, म्हणजे धूळच नाही. एका शेतकऱ्याला याहून चांगलं काही नाही. पण कारखान्याचा हंगामभराचा प्रेसमड नाडेप टाक्यांत भरायचा तर हजारो टाक्या लागतील, आणि त्या बांधण्याचं कंत्राट कुणाला, यावर पुढच्या दोन निवडणुका होतील. त्यामुळे यंत्राला इलाज नाही. इलाज आहे तो यंत्र आणि पाणी वेगवेगळ्या खात्यांकडे देण्याला. यंत्र वर्कशॉपचं, टँकर सिव्हिलचा, स्पेंटवॉश डिस्टिलरीचा, धूळ सर्वांची आणि कुरडया कुणाच्याच नाहीत. फवारा आणि ड्रम एकाच माणसाच्या हाती दिले, वाटा आठवड्याला खरवडून साफ ठेवल्या, पडदा म्हशीकडून परत आणला, तर निम्मी भांडणं मिटतील. उरलेल्या निम्म्यांसाठी संचालक मंडळ आहेच.

शेवटचा पेच सरकारी. जंतूंना पन्नास-साठ टक्के ओलावा हवा, पण खत नियंत्रण आदेशाने सेंद्रिय खताला विक्रीच्या वेळी जास्तीत जास्त 25 टक्क्यांचीच मुभा दिलेली आहे. खत पिकत आलं की पाणी तोडायचं आणि ते सुकवत पंचविशीपर्यंत आणायचं. म्हणजे चाळताना आणि पोती भरताना पुन्हा धूळ आलीच. तिथे पाणी मारण्याचीही सोय नाही. तिथे लागतो आडोसा, झाकलेली चाळणी आणि स्टोअरमधले मास्क.

हा नियम जाचक वाटतो तो विकणाऱ्याला. घेणाऱ्याने मात्र तो पाठ करावा. हंगामाच्या तोंडावर कुठल्याही कारखान्याचं, कंपनीचं किंवा नगरपालिकेचं खत घ्याल तेव्हा पोत्यावरचं छापील नंतर वाचा. आधी पोतं सोडून मूठभर खत आवळून बघा. मुठीत ओला गोळा झाला तर परत करा, बोटांतून पाणी ठिबकलं तर परत कराच. चाळीस टक्के ओलाव्याच्या 50 किलोच्या पोत्यात 20 किलो पाणी असतं. नियमात बसणाऱ्या पोत्यात ते जास्तीत जास्त साडेबारा किलो. वरचं साडेसात किलो पाणी तुमच्या विहिरीत फुकट मिळतं. ते खताच्या भावाने घेऊ नका.